उद्धारकांची भाषा : ‘कॉन्डिसेन्शन’ हा शब्द समजून घेताना

विद्यापीठात शिकणारी, कंपन्यांमध्ये नोकरीला लागलेली आपली मुलंमुली भेटतात तेव्हा एक तक्रार हमखास ऐकायला मिळते. ‘शिवी दिली असती तर बरं झालं असतं.’ शिवीला उत्तर देता येतं. शिवीसाठी 1989 चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे, पोलीस ठाणं आहे, संघटना आहे, आणि काही नसेल तर आपलं तोंड आहे. पण ‘तुम्ही लोक आता किती शुद्ध बोलता!’ याचं काय करायचं? ‘तुझ्याकडे बघून अजिबात वाटत नाही हं’ याचं काय करायचं? ‘अशा परिस्थितीतून आलास आणि इथपर्यंत पोचलास, खरंच कमाल आहे’ असं म्हणून एखाद्या मॅडम पाठीवर हात ठेवतात, तेव्हा थँक्यू म्हणायला जीभ रेटत नाही आणि गप्प बसलं तर ‘चांगलं बोललेलंही चालत नाही यांना’ हा शेरा तयारच असतो. कायद्याला शिवी कळते, शाबासकी कळत नाही.

या प्रकाराला इंग्रजीत एक नेमका शब्द आहे, ‘कॉन्डिसेन्शन’. ‘पेट्रनायझिंग’ हा त्याचा चुलतभाऊ आपल्यातल्या काहींना माहीत असतो, पण हा दुसरा शब्द फारसा कानावर येत नाही. स्पर्धा परीक्षेच्या शब्दसंग्रहात तो ‘गर्विष्ठपणा’ असा अर्थ पाठ करून सोडून दिला जातो. तो अर्थ अपुरा आहे. गर्विष्ठ माणूस तुमच्याकडे बघतही नाही. कॉन्डिसेन्शन करणारा माणूस तुमच्याकडे बघतो, हसतो, चौकशी करतो, मदतही करतो. फक्त हे सगळं करताना तो वरच्या पायरीवर आहे आणि तुमच्यासाठी दोन पायऱ्या खाली उतरला आहे, हे तुम्हाला विसरू देत नाही. या शब्दाचा स्वतःचा एक इतिहास आहे आणि तो इतिहास आंबेडकरी कार्यकर्त्याच्या थेट कामाचा आहे, असं आमचं म्हणणं आहे.

शब्द मूळ लॅटिन. त्यात ‘डिसेंड’ आहे, म्हणजे खाली उतरणं. ख्रिस्ती धर्मविचारात तो देवासाठी वापरला जाई : देव माणसाच्या पातळीवर उतरून येतो, ही त्याची कृपा. आपल्याकडच्या ‘अवतार’ या शब्दातही नेमकं हेच आहे, वरून खाली उतरणं. वर कोणीतरी आहे, खाली आपण आहोत, आणि आपलं भलं व्हायचं असेल तर वरच्याने उतरायला हवं. ही कल्पना एकदा डोक्यात बसली की माणूस पायऱ्यांबद्दल प्रश्न विचारत नाही, उतरणाऱ्याची वाट बघत बसतो. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये अवतार नाकारणारी प्रतिज्ञा आहे. आपण ती देवाधर्माच्या खात्यात टाकून मोकळे होतो. ती समाजशास्त्राच्या खात्यातलीही आहे.

आता या शब्दाची खरी गंमत. अठराव्या शतकात इंग्रजीत ‘कॉन्डिसेन्शन’ हा सद्गुण होता! सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या प्रसिद्ध शब्दकोशात त्याचा अर्थ चांगलाच दिला आहे : आपलं श्रेष्ठत्व आपखुशीने बाजूला ठेवून कनिष्ठांशी बरोबरीने वागणं. एखाद्या जमीनदारणीला ‘काय तुमचं कॉन्डिसेन्शन!’ म्हटलं तर ती खूश होत असे. जेन ऑस्टेनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही 1813 ची कादंबरी आहे. तिच्यात मिस्टर कॉलिन्स नावाचा एक पाद्री आहे. त्याची नेमणूक लेडी कॅथरीन नावाच्या श्रीमंत बाईच्या मेहरबानीने झालेली. हा गृहस्थ जाईल तिथे बाईंच्या कॉन्डिसेन्शनचं गुणगान गातो. बाई आपल्याशी कशा बोलल्या, बाई आपल्या घरी कशा आल्या, माडीवरच्या कपाटात फळ्या बसवून घ्या असा सल्ला खुद्द बाईंनी कसा दिला! कॉलिन्सला यात अपमान दिसत नाही. वाचकाला मात्र हसू येतं, आणि कादंबरीची नायिका एलिझाबेथ बाईंच्या समोर बसून सरळ उत्तरं देते तेव्हा बाईंना कळेनासं होतं की हे काय चाललं आहे.

एकोणिसाव्या शतकात हळूहळू हा शब्द उलटला. स्तुती होती ती निंदा झाली. आज कोणाला इंग्रजीत ‘यू आर कॉन्डिसेन्डिंग’ म्हणा, तो चिडेल. असं का झालं असावं? बायका कपाटातल्या फळ्यांबद्दल सल्ले द्यायच्या थांबल्या म्हणून नव्हे. वागणं तेच राहिलं. बदलली ती ऐकणाऱ्याची जागा. माणसं जन्माने समान आहेत हे खालच्याने मानायला सुरुवात केली की वरच्याचं ‘उतरणं’ हास्यास्पद दिसू लागतं, कारण उतरायला मुळात पायरीच नाही. म्हणजे शब्दाचा अर्थ शब्दकोशात बसून कोणी बदलला नाही. ज्यांच्यावर कृपा होत होती, त्यांच्या कानाने तो बदलला. इंग्रज इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी 1963 मध्ये इंग्लंडच्या कामगारवर्गाच्या घडणीवरचा आपला ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत हाच शब्द पुढच्या पिढ्यांच्या वृत्तीला लावला. गरीब विणकरांना, कारागिरांना नंतरच्या काळातले शहाणे लोक ‘बिचारे, भाबडे’ म्हणून निकालात काढतात, त्यातून त्यांना सोडवायचं आहे, असा त्यांचा रोख होता.

मग मराठीचं काय? आम्ही बराच विचार केला, पण या वागणुकीला नाव ठेवणारा एकच एक प्रचलित शब्द सापडला नाही. ‘उपकार केल्यासारखं बोलणं’, ‘पुळका येणं’, ‘कळवळ्याचं सोंग’ असे तुकडे मिळतात. याउलट देणाऱ्याच्या बाजूचे शब्द बघा : कृपा, अनुग्रह, दया, करुणा, औदार्य, उद्धार, उपकार, आश्रय, मेहरबानी. भरलेलं कोठार! हे सगळे चांगले शब्द आहेत आणि सगळे वरून दिसणाऱ्या दृश्याचे आहेत. खाली उभं राहून ते दृश्य कसं दिसतं, हे लिहिण्याची लेखणीच शतकानुशतकं खालच्यांच्या हाती नव्हती. यात भाषेचा दोष नाही, भाषा कोणाच्या ताब्यात होती त्याचा आहे. (‘करुणा’ या शब्दावर मात्र आमचा हक्क आहे. बुद्धाच्या करुणेसोबत मैत्री असते, आणि मैत्री वरून करता येत नाही.)

आणि खालच्याकडून काय बोलायचं हे ठरलेलं होतं : ‘जोहार मायबाप’. कॉलिन्सची इंग्रजी आणि आमच्या पूर्वजांच्या तोंडी घातलेली ही मराठी, दोन्हींचा साचा एक. फरक इतकाच की कॉलिन्सला त्यातून घर आणि पगार मिळाला, आमच्या आजोबा-पणजोबांना शिळी भाकर आणि मेलेलं ढोर. जोहाराची एक गोष्ट लक्षात घ्या. जोहार घालणारा महार जोहार म्हणतो, ज्याला घालायचा तो उलट जोहार म्हणत नाही. रस्ता एकेरी आहे. ‘जयभीम’ म्हटलं की समोरून ‘जयभीम’च येतं. कामठीच्या बाबू हरदास यांनी हे अभिवादन रुजवलं. त्याची थोरवी बाबासाहेबांच्या नावात आहे हे खरंच, पण ती या दुहेरी रस्त्यातही आहे. कलेक्टर झालेला आपला पोरगा आणि त्याच्या ऑफिसात झाडू मारणारी मावशी, दोघांचा शब्द एकच.

आता ज्या उदाहरणासाठी हा सगळा प्रपंच केला, त्याकडे येऊ. 24 सप्टेंबर 1932 ला पुणे करार झाला. त्यानंतर काही दिवसांतच अस्पृश्यता निवारणासाठी एक अखिल भारतीय संघ उभा राहिला. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष, अमृतलाल ठक्कर म्हणजे ठक्करबापा चिटणीस. हाच पुढे ‘हरिजन सेवक संघ’ झाला. बाबासाहेब तेव्हा तिसऱ्या गोलमेज परिषदेसाठी बोटीने लंडनला निघाले होते. त्या प्रवासातून 14 नोव्हेंबर 1932 रोजी त्यांनी ठक्करांना एक सविस्तर पत्र लिहिलं. ते पत्र प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावं. त्यात कुठेही आदळआपट नाही. बाबासाहेब संघाला कामाचा आराखडा देतात. ते म्हणतात ते थोडक्यात असं : अस्पृश्याच्या दैन्याचं कारण त्याच्या अंगचे दुर्गुण आहेत असं मानलं, तर त्याला दारू सोडायला सांगणं, शाळा-वाचनालय काढून देणं एवढंच काम उरतं. कारण भोवतालच्या समाजात आहे असं मानलं, तर लढाई भोवतालाशी करावी लागते. म्हणून गावोगाव नागरी हक्कांची मोहीम काढा. सार्वजनिक विहिरीवर पाणी, गावच्या शाळेत प्रवेश, चावडीत प्रवेश, सार्वजनिक वाहनात जागा. त्यातून संघर्ष होईल, डोकी फुटतील, तरी करा. आणि कामाला माणसं घ्याल ती शक्यतो अस्पृश्यांतूनच घ्या, कारण ज्याला आपल्या माणसांबद्दल प्रेम आहे तोच खरी सेवा करतो.

या पत्राची साधी पोचही आली नाही, असं बाबासाहेबांनी पुढे 1945 च्या ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या ग्रंथात नोंदवून ठेवलं आहे. संघाने जे काम केलं ते शाळा, वसतिगृहं, शिष्यवृत्त्या, विहिरी अशा स्वरूपाचं. अस्पृश्यांचं शिष्टमंडळ गांधींकडे गेलं आणि संघाच्या कारभारात आम्हाला जागा द्या म्हणालं, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की हा संघ सवर्ण हिंदूंच्या प्रायश्चित्तासाठी आहे, तिथे तुमचं काम नाही.

इथे थांबून विचार करा. विहीर कोणासाठी? अस्पृश्यांसाठी. पैसा कोणाच्या नावाने गोळा केला? अस्पृश्यांच्या. ती कुठे खणायची, वेगळी खणायची की गावच्या विहिरीचंच कुलूप तोडायचं, हे ठरवणार कोण? ते मात्र अस्पृश्य नाहीत. पुण्य करणाऱ्याला पुण्यासाठी जेवढा अस्पृश्य लागतो तेवढाच हवा आहे, ठराव मांडणारा अस्पृश्य नको आहे. कॉन्डिसेन्शन म्हणजे काय ते शिकवायला याहून स्वच्छ उदाहरण आम्हाला तरी सापडलेलं नाही. त्यात कोणी वाईट शब्द उच्चारलेला नाही. उलट ‘हरीचे जन’ म्हटलं आहे!

त्या नावाचंही बघा. गांधींनी फेब्रुवारी 1933 मध्ये ‘हरिजन’ साप्ताहिक सुरू केलं आणि बाबासाहेबांकडे संदेश मागितला. बाबासाहेबांनी शुभेच्छा पाठवल्या नाहीत. जातिव्यवस्था आहे तोवर बहिष्कृत राहणारच, जातिव्यवस्था नष्ट केल्याशिवाय त्यांची मुक्ती नाही, या आशयाचं निवेदन पाठवलं. जानेवारी 1938 मध्ये मुंबई विधिमंडळात स्थानिक मंडळांच्या कायद्यात दुरुस्ती करून ‘हरिजन’ हा शब्द घालण्याचा प्रस्ताव काँग्रेस सरकारने आणला. दादासाहेब गायकवाडांनी विचारलं, अस्पृश्य हे देवाची माणसं असतील तर स्पृश्य काय राक्षसाची? ज्यांना नाव द्यायचं त्यांनाच ते नको आहे, हे स्वतंत्र मजूर पक्षाच्या आमदारांनी सभागृहात सांगितलं. बहुमताने ते फेटाळलं गेलं आणि बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह सभागृहाबाहेर पडले. इंग्रजी शब्दाला उलटायला कित्येक दशकं लागली. ‘हरिजन’ला मात्र ज्यांना तो दिला त्यांनी पहिल्यापासूनच उलटून दाखवला. आज हा शब्द अपमानाचा मानला जातो तो आपोआप नव्हे.

यावर पुरोगामी मित्रांचा ठरलेला आक्षेप आहे : ‘हेतू चांगला होता ना? मदत करणाऱ्या प्रत्येक सवर्णावर संशय घेतला तर सोबत येणार कोण?’ आक्षेप गंभीर आहे, पण इतिहासात त्याचं उत्तरही आहे. महाड नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस 1927 च्या सत्याग्रहात आपल्या बाजूने उभे राहिले. 25 डिसेंबर 1927 ला मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. ही माणसं परिषदेत आली, कार्यकर्ता म्हणून राबली, आणि नेतृत्व अस्पृश्यांचं आहे हे त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही. मार्च 1920 मध्ये माणगावच्या परिषदेत खुद्द छत्रपती शाहू महाराज आले. राजा होता, वाटलं असतं तर ‘अस्पृश्यांचा कैवारी’ म्हणून मिरवता आलं असतं. त्यांनी लोकांना सांगितलं की तुम्ही तुमचा पुढारी शोधून काढलात, आणि एका तिशीच्या आतल्या तरुणाकडे बोट दाखवलं. तेव्हा हेतूची तपासणी आम्ही करतच नाही. हेतू पोटात असतो, तो कोणाला दिसणार? आम्ही एवढंच बघतो की निर्णयाच्या खुर्चीत कोण बसलं आहे, आणि ‘नको’ म्हटलं तर ते ऐकलं जातं का.

ही कसोटी घेऊन आजच्या महाराष्ट्रात फिरा. पहिला शब्द भेटतो ‘सवलत’. ‘तुम्हाला काय, सवलती आहेत.’ हे बाहेरचे म्हणतात ते सोडा, आपलेच आईबाप फॉर्म भरताना म्हणतात, ‘बाळा, सवलतीचा रकाना भरलास का?’ सवलत दुकानदार देतो, मनाला आलं तर देतो, दिवाळी संपली की काढून घेतो. संविधानाच्या अनुच्छेद 16 (4) मध्ये सवलत नाही, सेवांमध्ये पुरेसं प्रतिनिधित्व नाही हा आधार आहे. प्रतिनिधित्व म्हणजे राज्यकारभारातला वाटा. वाटणीला भाऊ जेव्हा भावाचा हिस्सा देतो तेव्हा सवलत दिली म्हणत नाहीत. धम्मदीक्षेनंतर बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीतून वगळलं गेलं आणि केंद्रात तो हक्क परत मिळायला 1990 उजाडलं. त्या सगळ्या लढ्याच्या बातम्या ‘बौद्धांना सवलती’ याच मथळ्याखाली वाचायची सवय आपल्याला लागली. हक्काच्या लढ्याचं नावसुद्धा वरून आलं.

दुसरा शब्द ‘नवबौद्ध’. शासनाच्या योजनांच्या जाहिरातीत ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध घटक’ आजही छापलं जातं. 1956 ला दीक्षा घेतलेल्यांची पणतवंडं शाळेत जाऊ लागली, आमचं नवेपण अजून संपत नाही. आणि ‘दलितमित्र’? राज्य शासन या नावाचा पुरस्कार देत असे. दलितांशी मैत्री ही पुरस्कार देण्याइतकी अवघड गोष्ट आहे, अशी त्यात कबुलीच आहे म्हणायची. ब्राह्मणमित्र पुरस्कार कोणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

1998 मध्ये केंद्राच्या कल्याण मंत्रालयाचं नाव बदलून सामाजिक न्याय आणि अधिकारिता असं झालं. पाटी बदलली, हे चांगलं झालं. पण जिल्ह्याच्या ठिकाणी मुलं शिष्यवृत्तीची चौकशी करायला जातात तेव्हा ‘समाजकल्याणला जाऊन येतो’ असंच म्हणतात, आणि खिडकीमागचा माणूसही कल्याण करायला बसल्यासारखाच बोलतो. अडकलेला हप्ता मागणारा विद्यार्थी भिकारी नसतो, तो घेणेकरी असतो. ‘साहेब, जरा बघा ना’ याऐवजी ‘अर्ज अमुक तारखेला दिला आहे, लेखी उत्तर द्या’ एवढं म्हणायला शिकलं तरी खिडकीची उंची कमी होते. हे आम्ही वस्तीतल्या मुलांसोबत करून बघितलं आहे.

वस्तीचाच एक प्रसंग सांगतो. एका संस्थेने 14 एप्रिलच्या निमित्ताने वह्यावाटप ठेवलं. मुलांना उन्हात रांगेत उभं केलं, प्रत्येकाने वही छातीशी धरायची, पाहुण्यांकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघायचं. पाहुणे म्हणाले, या मुलांच्या चेहऱ्यावरचं हसू हीच आमची कमाई. बाराएक वर्षांच्या एका मुलीने रांगेतच विचारलं, ‘चौरेघी का आणल्या? आम्ही सातवीत आहोत.’ तिला गप्प करण्यात आलं. त्या एका प्रश्नात ठक्करांना लिहिलेलं अख्खं पत्र आहे. वही कोणती हवी, हे विचारायचंच कोणाला सुचलं नव्हतं.

आणि आता जे बोलायला जड जातं ते. पायरी फक्त सवर्णांच्या घरात असते असं नाही. शहरात शिकून आलेले आपले काही कार्यकर्ते वस्तीत ‘प्रबोधन’ करायला जातात, तेव्हा धुणीभांडी करून थकलेल्या बायकांना ‘अजून उपास धरता? लाज वाटत नाही?’ असं ऐकवतात. मातंग वस्तीत, भटक्यांच्या पालावर जाऊन ‘तुम्हाला अजून बाबासाहेब कळलेच नाहीत’ हे वाक्य ज्या स्वरात म्हटलं जातं, तो स्वर लेडी कॅथरीनचाच आहे. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाचे अनुयायी बायकांच्या मेळाव्यात सगळी भाषणं पुरुषांची ठेवतात आणि ‘आमच्या भगिनींना आम्ही व्यासपीठ दिलं’ असं पत्रकात छापतात. दिलं! व्यासपीठ तुमच्या मालकीचं कधी झालं? चळवळीबद्दल बाहेर बोलू नये, असं काहींचं मत आहे. आम्हाला ते पटत नाही. जी कसोटी हरिजन सेवक संघाला लावायची, तीच आपल्या जयंती मंडळाला, आपल्या ट्रस्टला, आपल्या पक्षाच्या जिल्हा शाखेला लावली पाहिजे. निर्णयाच्या खुर्चीत कोण आहे? वस्तीतल्या बाईने ‘नको’ म्हटलं तर कार्यक्रम बदलतो का?

राहता राहिला पहिला प्रश्न, ‘तुम्ही लोक किती शुद्ध बोलता’ याला उत्तर काय द्यायचं. भांडण करायची गरज नाही. ‘तुम्ही लोक म्हणजे कोण?’ एवढंच शांतपणे विचारावं आणि उत्तराची वाट बघावी. समोरच्याला ते वाक्य पूर्ण करायला लावलं की पायरी त्याच्याच तोंडून बाहेर येते. ‘वाटत नाही हं’ म्हणणाऱ्याला ‘कसं वाटायला हवं होतं?’ असं विचारावं. काही जण ओशाळतील, त्यातले काही पुढे चांगले सोबतीही होतील. जे चिडतील ते चिडोत. आणि या महिन्यात तुमच्या वस्तीत कोणी दप्तरं, वह्या, सायकली किंवा शिलाई मशीन घेऊन येणार असेल, तर बॅनर लागण्याआधी जाऊन विचारा, यादी कोणी केली आणि त्या बैठकीला वस्तीतलं कोण होतं.